सोळा महिन्यांच्या मुलाचं हायड्रोसील: आता ऑपरेशन करायचं की थांबायचं?

पत्र: माझा मुलगा सोळा महिन्यांचा आहे. तो आठव्या महिन्यातच झाला. जन्मापासून त्याच्या अंडकोशात उजव्या बाजूला पाणी आहे. सकाळी सूज बारीक असते, संध्याकाळपर्यंत फुगते. एका डॉक्टरांना सकाळी दाखवलं, ते म्हणाले, दोन वर्षांचा होईपर्यंत थांबा. दुसऱ्यांना संध्याकाळी दाखवलं, तेव्हा तो खूप रडत होता. ते म्हणाले, ऑपरेशन लवकर उरकून घ्या. गावातले एक जण सुईनं पाणी काढून देतो म्हणतात. आखाजीला माहेरी गेले होते, तेव्हा तो रडताना वहिनीला जांघेतही फुगवटा आल्यासारखा वाटला. सासूबाई म्हणतात, मी गरोदरपणात केळी खाल्ली म्हणून हे झालं. त्यांनी मनुदेवीला नवस केलाय आणि लंगोट घट्ट बांधायला सांगतात. मोठ्या दिरांचं असंच ऑपरेशन झालं होतं, ते कितीतरी दिवस अंथरुणावर होते. तेव्हापासून घरात सगळ्यांनी धसका घेतलाय. मुलाचे पप्पा केळीच्या ट्रकवर असतात, आठ-आठ दिवस घरी नसतात. मी काय करू? पुढे त्याला मूलबाळ होईल ना? आणि आता त्याची लस आहे, ती देऊ का?
— एक आई, यावल तालुका

उत्तर:

ताई, तुम्हाला जे सगळ्यात आधी ऐकायचं आहे ते आधी सांगते. मुलाला निव्वळ पाणी असेल, तर दुसऱ्या वाढदिवसापर्यंत थांबायला काहीच हरकत नाही. पण वहिनींना जांघेत दिसलं ते खरं असेल, तर थांबायचं नाही. तुमच्या पत्रात सगळ्यात मोलाचं वाक्य तेच आहे आणि तुम्ही ते जाता जाता लिहिलंत. ‘वाटल्यासारखं’ म्हणून ते सोडून देऊ नका. आधी त्याचा छडा लावायचा. ऑपरेशन कधी, हा प्रश्न त्याच्यानंतरचा.

हे पाणी येतं कुठून ते समजलं की निम्मी भीती जाईल. मूल पोटात असताना मुलग्याच्या वृषणाच्या गोळ्या त्याच्या पोटात, वर मूत्रपिंडाजवळ तयार होतात. गरोदरपणाच्या शेवटच्या तीन महिन्यांत त्या जांघेतून खाली अंडकोशात उतरतात. उतरताना पोटाच्या आतल्या अस्तराची एक पातळ पिशवी त्यांच्यासोबत खाली येते. या पिशवीचा वरचा नळीसारखा भाग जन्माच्या आगेमागे आपोआप बुजतो. काही मुलांत तो उघडा राहतो आणि पोटातलं नेहमीचं थोडंसं पाणी त्यातून खाली झिरपतं. दिवसभर मूल उभं असतं, रांगतं, चालतं, म्हणून पाणी खाली साचतं. रात्री आडवं झालं की हळूहळू परत पोटात जातं. सकाळी बारीक आणि संध्याकाळी मोठं, असं तुम्ही जे पाहताय ते यामुळेच. उजवी गोळी डावीपेक्षा थोडी उशिरा उतरते, त्यामुळे हा त्रास उजव्या बाजूला जास्त दिसतो. तुमचं बाळ आठव्या महिन्यात झालं, म्हणजे ती नळी मिटण्याची वेळ यायच्या आतच ते जगात आलं. यात तुमचा काहीही दोष नाही.

आता महत्त्वाचा भाग. नळी बारीक असेल तर तिच्यातून फक्त पाणी उतरतं, ते हायड्रोसील. तीच नळी रुंद असेल तर पाण्याबरोबर आतड्याचा तुकडाही उतरू शकतो, तो हर्निया, म्हणजे आपण ज्याला अंतर्गळ म्हणतो तो. मूळ एकच, पण धोका अगदी वेगळा. पाणी साचून आतड्याला काही होत नाही. आतडं मात्र नळीत अडकलं तर त्याचा रक्तपुरवठा तुटू शकतो, आणि शेजारच्या वृषणाच्या गोळीलाही इजा होते. म्हणून लहान मुलाचा हर्निया आपोआप बरा होण्याची वाट पाहत नाहीत. निदान झालं की काही दिवसांत, फार तर काही आठवड्यांत ऑपरेशन ठरवतात. अपुऱ्या दिवसांच्या मुलांत हर्निया जास्त आढळतो, हेही तुमच्या बाबतीत लक्षात घ्यायला हवं.

दोन डॉक्टरांनी दोन गोष्टी सांगितल्या म्हणून तुम्ही गोंधळलात. पण एकानं सकाळी तपासलं, मूल शांत होतं. दुसऱ्यानं संध्याकाळी तपासलं, मूल जोर लावून रडत होतं. दोघांनी जे पाहिलं त्यावरून ते दोघंही बरोबर असू शकतात. दुसऱ्या डॉक्टरांना तो फुगवटा हाताला लागला असेल आणि गर्दीत तुम्हाला नीट समजावून सांगायचं राहून गेलं असेल, अशीही शक्यता आहे. त्यांना पुन्हा भेटून सरळ विचारा: ‘तुम्हाला हर्निया वाटला का?’ या एका प्रश्नाच्या उत्तरावर पुढचं बरंच काही ठरेल.

तुमच्याकडूनही एक मदत हवी. मूल रडतं किंवा शी करताना कुंथतं, तेव्हा त्याच्या जांघेकडे नीट पाहा. मांडी आणि पोट जिथे मिळतं त्या घडीच्या जरा वर उंचवटा येतो का? मूल शांत झाल्यावर, आडवं केल्यावर तो विरून जातो का? मोबाइलवर त्याचा व्हिडिओ काढा. सकाळचा एक फोटो आणि संध्याकाळचा एक, असे तीन-चार दिवस काढून ठेवा. हर्निया दवाखान्यात गेल्यावर हमखास लपून बसतो, आणि आईच्या मोबाइलमधल्या व्हिडिओवरून कितीतरी वेळा निदान पक्कं होतं. फोटो फक्त डॉक्टरांना दाखवायचे. घरच्या ग्रुपवर टाकायचे नाहीत, मूल लहान असलं तरी ते त्याचं शरीर आहे.

अंधारात बॅटरी लावून पाहिली, सूज लाल दिसली म्हणजे पाणीच, असं कुणी सांगेल. डॉक्टरही ही तपासणी करतात, पण एवढ्या लहान मुलाचं आतडं इतकं पातळ असतं की त्यातूनही उजेड आरपार दिसतो. त्यामुळे बॅटरीवर घरी निकाल लावू नका. सोनोग्राफीचंही तसंच. बोटांनी नीट कळत असेल तर ती लागतेच असं नाही. शंका असेल किंवा गोळी हाताला लागत नसेल तर ती करावी.

गोळीवरून आठवलं, कारण ही गोष्ट फार वेळा राहून जाते. तपासताना डॉक्टरांना विचारा की दोन्ही गोळ्या जागेवर, खाली अंडकोशात लागतात का. पाण्यामुळे गोळी नीट चाचपता येत नाही आणि एखादी गोळी वरच अडकलेली असेल तर ते लक्षात येत नाही. न उतरलेल्या गोळीचं ऑपरेशन साधारण सहा ते अठरा महिन्यांच्या दरम्यान करायचं असतं. तुमचा मुलगा सोळा महिन्यांचा आहे. तशी काही भानगड असेल तर दोन वर्षांपर्यंत थांबण्याचा हिशेब मोडतो. ही तपासणी लहान मुलांच्या सर्जनकडूनच करून घ्या. धुळे, जळगाव आणि नंदुरबार या तिन्ही ठिकाणी सरकारी वैद्यकीय महाविद्यालयं आहेत. तिथे मुलांचे सर्जन कोणत्या वारी बसतात ते आधी फोन करून विचारा, म्हणजे एसटीचा हेलपाटा वाचेल.

समजा सर्जनांनी सांगितलं की निव्वळ पाणी आहे, गोळ्या जागेवर आहेत, हर्निया नाही. मग मी तुमच्या जागी असते तर थांबले असते. जन्मापासून असलेलं पाणी बहुतेक मुलांत पहिल्या वर्षभरात जिरतं. त्यानंतर नळी बुजण्याचा वेग कमी होतो, पण दुसऱ्या वर्षातही ती काहींची बुजते. तोवर पाण्यामुळे गोळीचं सहसा काही बिघडत नाही. म्हणून विनाकारण ऑपरेशन कशाला, असा हा विचार आहे. दोन वर्षं उलटूनही पाणी राहिलं तर ते आपोआप जाईल ही आशा फारशी उरत नाही, तेव्हा ऑपरेशन करून मोकळं व्हावं.

मात्र थांबायचं म्हणजे विसरायचं नाही. दोन तारखा आत्ताच ठरवा. एक श्रावणात, कानबाईचे रोट झाले की. दुसरी संक्रांतीच्या आसपास, तेव्हा तो दोन वर्षांचा होईल. मधल्या काळात सूज एकदम वाढली, ताणून घट्ट झाली, सकाळीही उतरेना किंवा मूल चालताना अवघडायला लागलं, तर तारखेची वाट न पाहता जायचं. खोकला-सर्दी झाली की पोटावर जोर पडून पाणी काही दिवस वाढलेलं दिसतं. ते बहुतेक वेळा पुन्हा ओसरतं, पण एकदा दाखवून घ्यायला काही हरकत नाही.

आता जे सांगते ते कागदावर मोठ्या अक्षरात लिहून घरात लावा, कारण वडील ट्रकवर असताना निर्णय तुम्हाला एकटीला घ्यावा लागेल. जांघेतला किंवा अंडकोशातला फुगवटा दगडासारखा कडक झाला, हात लावू देईना, आत जाईना; मूल समजूत घालूनही रडायचं थांबेना; उलट्या होऊ लागल्या, त्यातही हिरव्या; पोट फुगलं; त्वचा लाल-निळी दिसू लागली. यातलं काहीही दिसलं तर सकाळ होऊ देऊ नका. १०८ ला फोन करा किंवा मिळेल त्या गाडीनं ऑपरेशनची सोय असलेल्या मोठ्या रुग्णालयात जा. निघताना मुलाला काही खायला-प्यायला देऊ नका, कारण भूल द्यावी लागू शकते. फुगवटा दाबून आत ढकलायचा प्रयत्न घरी करू नका. फुगवटा फारसा नसताना एखाद्या गोळीत एकाएकी जीवघेणी कळ आली, तर आत गोळीला पीळ पडलेला असू शकतो. तिथे पहिले सहा तास सोन्याचे असतात. गावातल्या कोणाची गाडी रात्री मिळेल, कोण सोबत येईल, हे आजच बोलून ठेवा. थोडे पैसे आणि मुलाचे कागद एका पिशवीत तयार असू द्या.

सुईनं पाणी काढण्याबद्दल माझं मत ठाम आहे: कुणालाही हे करू देऊ नका. वरून पाटाचं तोंड उघडं ठेवून वाफ्यातलं पाणी उपसत बसण्यासारखं ते आहे, नळी उघडी आहे तोवर पाणी पुन्हा भरणारच. शिवाय आत जंतू जाऊ शकतात, आणि तो हर्निया निघाला तर सुई थेट आतड्यात घुसेल. पैसे कितीही कमी घेत असले तरी नाही म्हणा.

दिरांचं ऑपरेशन पाहून घरात धसका बसलाय, ते मी समजू शकते. पण मोठ्या माणसाचं हायड्रोसील वेगळं असतं. तिथे ही नळी बहुधा कधीच बुजलेली असते. मार लागणं, जंतुसंसर्ग, हत्तीरोग अशी कारणं असतात, कधीकधी कारण सापडतही नाही. ऑपरेशन थेट अंडकोशावर होतं, सूज जास्त येते, बरं व्हायला वेळ लागतो. मुलात जांघेच्या घडीत दीड-दोन सेंटिमीटरचा छेद घेतात, ती उघडी नळी शोधून वरच्या बाजूला बांधतात आणि खाली साचलेलं पाणी मोकळं करतात. गोळी जिथल्या तिथे राहते. अर्धा-पाऊण तासाचं काम असतं. बहुतेक मुलं त्याच दिवशी घरी येतात आणि एक-दोन दिवसांत खेळायला लागतात, मग त्यांना आवरणं हेच आईचं काम होऊन बसतं. अंडकोशावर काही आठवडे थोडी सूज राहते. ती पाहून ‘ऑपरेशन फसलं’ असा समज करून घेऊ नका. दोन-तीन आठवडे सायकल, घोडा अशा दोन्ही पाय टाकून बसायच्या खेळण्यांवर बसवू नका.

धोके नाहीत असं मी म्हणणार नाही. रक्त साकळणं, जखम पिकणं, क्वचित पाणी पुन्हा होणं, आणि फार क्वचित शुक्रवाहिनीला किंवा गोळीच्या रक्तवाहिन्यांना इजा. या नळीला त्या लहानशा नसा अगदी चिकटून असतात, म्हणून हे काम लहान मुलांच्या सर्जनकडूनच करून घ्यावं असं मी पुन्हा पुन्हा सांगते.

भुलीची भीती जवळपास प्रत्येक आईला असते. पूर्ण भूल द्यावी लागते, आणि म्हणूनच मुलांना भूल द्यायची सवय असलेले भूलतज्ज्ञ जिथे आहेत तिथेच ऑपरेशन करावं. बुद्धीवर परिणाम होतो का, यावर जगात मोठा अभ्यास झाला आहे. हर्नियाच्याच ऑपरेशनसाठी काही तान्ह्या बाळांना पूर्ण भूल दिली, काहींना जागेपणी फक्त कमरेत इंजेक्शन दिलं आणि ती पाच वर्षांची होईपर्यंत त्यांच्याकडे लक्ष ठेवलं. २०१९ साली निकाल आला: तासाभराच्या आतल्या एका भुलीनं त्यांच्या बुद्धीत फरक पडला नव्हता. भुलीआधी उपाशी ठेवण्याच्या वेळा मात्र काटेकोर पाळाव्या लागतात. वरचं दूध आणि खाणं सहा तास आधी बंद, अंगावरचं दूध चार तास आधी, साधं पाणी सहसा दोन तास आधीपर्यंत चालतं. तुमच्या भूलतज्ज्ञांनी वेगळं सांगितलं तर त्यांचं ऐका. आपल्याकडच्या वैशाखात तान्हं मूल फार वेळ कोरडं ठेवणं बरं नाही, तेव्हा सकाळचा पहिला नंबर मागून घ्या. उन्हाळ्यात टाका पिकतो म्हणून लोक पावसाळ्यापर्यंत ढकलतात. निव्वळ पाणी असेल तर ढकला, सोयीचं आहे. हर्निया असेल तर उन्हाळा आडवा येऊ देऊ नका.

सासूबाईंना माझा निरोप सांगा. केळीनं हे होत नाही. रावेर-यावलच्या घराघरांत बाया गरोदरपणात केळी खातात आणि मुलं धडधाकट होतात. मनुदेवीचा नवस त्यांनी जरूर फेडावा, नातवावरची माया आहे ती. त्याच मायेनं तुम्ही सर्जनकडे निघाल तेव्हा त्यांनी सोबत चलावं. लंगोट मात्र घट्ट बांधू नका, त्यानं नळी बुजत नाही. उलट हर्निया असेल तर आतडं चिमटू शकतं, आणि उन्हाळ्यात कातडी सोलवटते ती वेगळीच. शेक, लेप, अंडकोशावर चोळायचं तेल यांनीही आतली नळी मिटत नाही. तो रडला म्हणून पाणी झालं असंही नाही, तेव्हा त्याला रडू द्यायचं नाही म्हणून तुम्ही रात्र-रात्र कडेवर घेऊन फिरत असाल तर ते थांबवा आणि तुम्हीही झोपा.

पुढे मूलबाळ होईल का? डॉक्टरांनी तपासून थांबायला सांगितलं असेल, तर या काही महिन्यांच्या थांबण्यानं त्याच्या बाप होण्यावर परिणाम होत नाही. वेळेत ऑपरेशन झालेली मुलंही मोठी होऊन बाप होतात. धोका असतो तो अडकलेल्या हर्नियाकडे किंवा न उतरलेल्या गोळीकडे दुर्लक्ष झाल्यावर, आणि ते होऊ नये म्हणूनच तर ही सगळी तपासणी.

पैशाबद्दल तुम्ही काही लिहिलं नाहीत, पण ट्रकवरच्या कमाईत ऑपरेशनचा आकडा ऐकून पोटात गोळा येतो हे मला माहीत आहे. अंगणवाडीत राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं पथक मुलांना तपासायला येतं. सेविकाताईंना सांगून मुलाचं नाव त्यांच्याकडे नोंदवा, पुढे पाठवायची चिठ्ठी मिळते. ऑपरेशन ठरलं तर महात्मा फुले जन आरोग्य योजनेत बसतं का ते त्या रुग्णालयातल्या आरोग्यमित्राला आधी विचारा. रेशनकार्ड, आधार आणि मुलाचा जन्मदाखला सोबत ठेवा. खासगीत जायचं ठरलं तर भूल, औषधं, खोली असा सगळा मिळून आकडा लेखी मागा.

आणि लस. द्या, आणि वेळेवर द्या. सोळा ते चोवीस महिन्यांत गोवर-रुबेलाचा दुसरा डोस, त्रिगुणीचा बूस्टर आणि पोलिओचा डोस असतो. अंडकोशातल्या पाण्यामुळे यातलं काहीच थांबवायचं नाही. ऑपरेशनची तारीख जवळ आली असेल तर लस कधी घेतली ते भूलतज्ज्ञांना सांगा. लसीचा ताप आणि ऑपरेशन एकाच वेळी नको म्हणून ते काही दिवस इकडे-तिकडे करतील. लसीकरणाचं कार्ड त्या कागदांच्या पिशवीतच ठेवा.